जुन्या स्ट्रट्सला सीडीआय जोडताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

नव्या टीममध्ये रुजू झाल्यावर हातात येणारं पहिलं काम क्वचितच कोरं असतं. बहुतेक वेळा कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि आजही रोज चालणारं, स्ट्रट्स १ या जुन्या जावा वेब फ्रेमवर्कवरचं ॲप्लिकेशन समोर येतं, आणि सोबत एक सूचना: "जुन्याला फार धक्का लावू नका, पण नवीन कोड सीडीआयमध्ये लिहा." सीडीआय म्हणजे कॉन्टेक्स्ट्स अँड डिपेंडन्सी इंजेक्शन: ऑब्जेक्ट बनवून ते एकमेकांत बसवून देणारं जावाचं प्रमाण. दोन्ही एकाच वॉर फाइलमध्ये, एकाच सर्व्हरवर. अशा परिस्थितीत पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी हा लेख आहे. जावा येत असेल आणि सर्व्हलेट म्हणजे काय हे माहीत असेल, तर तेवढं पुरेल.

आधी दोघांची वयं पाहू, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच येतात. क्रेग मॅक्लानाहन यांनी २००० साली स्ट्रट्स लिहिलं आणि अपाचेला दिलं. स्ट्रट्स १ ची शेवटची अधिकृत आवृत्ती, १.३.१०, डिसेंबर २००८ मध्ये आली आणि एप्रिल २०१३ मध्ये अपाचेने या शाखेचा आधार संपल्याचं जाहीर केलं. सीडीआय हे प्रमाण गेव्हिन किंग यांच्या नेतृत्वाखाली जेएसआर २९९ म्हणून तयार झालं आणि डिसेंबर २००९ मध्ये जावा ईई ६ सोबत मंजूर झालं. म्हणजे स्ट्रट्स १ थांबलं तेव्हा सीडीआय मंजूरही झालेलं नव्हतं. त्यामुळे स्ट्रट्सच्या जारमध्ये सीडीआयसाठी काही सोय सापडेल म्हणून शोधत बसू नका. ती ओळख आपणच करून द्यायची आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

दोन्ही फ्रेमवर्क तुमच्यासाठी ऑब्जेक्ट तयार करतात. स्ट्रट्स कॉन्फिगमध्ये दिलेल्या क्लासच्या नावावरून ॲक्शनचा, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासचा, ऑब्जेक्ट बनवतं. सीडीआय आपले बीन (त्याच्या ताब्यातले ऑब्जेक्ट) बनवतं, त्यांना एकमेकांत इंजेक्ट करतं, म्हणजे एकाच्या फील्डमध्ये दुसरा बसवतं, आणि स्कोप, म्हणजे त्यांची ठरलेली मुदत, संपला की मोडीत काढतं. पण प्रत्येकाला फक्त आपणच बनवलेले ऑब्जेक्ट माहीत असतात. ॲक्शनमधल्या फील्डवर इंजेक्ट ॲनोटेशन लावलं, तर कोड कंपाइल होतो, डिप्लॉय होतो, लॉगमध्ये एक अक्षर येत नाही, आणि पहिल्या क्लिकला नल पॉइंटर मिळतो. तो ऑब्जेक्ट स्ट्रट्सने बनवलेला असतो. सीडीआयने त्याला कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून दोनच प्रश्न सतत विचारत राहायचे: हा ऑब्जेक्ट कोणी बनवला, आणि तो किती काळ जगणार? पहिल्याचं उत्तर एका क्लासमध्ये मिळतं. दुसऱ्याकडे मात्र शेवटपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

पायरी १: सर्व्हरची आवृत्ती ठरवा

हा निर्णय सगळ्यात आधी घ्या, नाहीतर केलेलं काम परत करावं लागेल. स्ट्रट्स १ चं जार जावाएक्स डॉट सर्व्हलेट या पॅकेजवर बांधलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ ने ही सगळी पॅकेजेस जकार्ता या नावाखाली नेली. म्हणजे मूळ जार जसंच्या तसं चालेल असा शेवटचा मुक्काम जावा ईई ८ किंवा जकार्ता ईई ८. प्रत्यक्षात सांगायचं तर टॉमकॅट ९ चालेल, टॉमकॅट १० नाही; वाइल्डफ्लाय २६ चालेल, त्याची पुढची २७ नाही.

माझा सल्ला: सांधा, म्हणजे स्ट्रट्स आणि सीडीआय यांना जोडणारा कोड, आधी जकार्ता ईई ८ वर जोडा, तो स्थिर होऊ द्या आणि नावबदल नंतर स्वतंत्रपणे करा. दोन्ही एकदम केलं की एखादा क्लास सापडला नाही अशी चूक आल्यावर दोष सांध्याचा की नावबदलाचा, हेच कळत नाही. टॉमकॅटमध्ये सीडीआय आपसूक नसतं, त्यासाठी वेल्ड किंवा ओपनवेबबीन्स वेगळं जोडावं लागतं. वाइल्डफ्लायसारख्या पूर्ण सर्व्हरमध्ये ते आधीपासून असतं.

पायरी २: वेब एक्सएमएलचं वय तपासा

या पायरीकडे हमखास दुर्लक्ष होतं. जुन्या ॲप्लिकेशनची वेब डॉट एक्सएमएल फाइल बऱ्याचदा सर्व्हलेट २.३ च्या डीटीडीवर असते. ती तशीच ठेवली तर जेएसपीमध्ये डॉलर आणि महिरपी कंसात लिहिलेली ईएल एक्स्प्रेशन आपोआप बंद राहतात. सीडीआयचा नेम्ड बीन (पानावरून नावाने वापरता येणारा) पानावर वापरायला गेलात की एक्स्प्रेशन जसंच्या तसं स्क्रीनवर छापलं जातं. म्हणून फाइल सर्व्हलेट ३.१ किंवा ४.० वर आणा.

पण आणलीत की दुसरी बाजूही तपासा. आता प्रत्येक जेएसपीमधली डॉलर-कंसाची जोडी सर्व्हर वाचू लागतो. कुणी पानातच जावास्क्रिप्ट लिहून त्यात टेम्प्लेट स्ट्रिंग वापरल्या असतील, तर त्यातल्या जागा सर्व्हरच भरायला जातो आणि ब्राउझरकडे रिकामा मजकूर पोहोचतो. हॅश आणि महिरपी कंस साध्या मजकुरात आले असतील तर पान कंपाइलच होत नाही. सगळ्या जेएसपी फाइलींमध्ये या दोन जोड्या आधी शोधून घ्या. तासाभराचं काम असतं आणि प्रॉडक्शनवरची धावपळ वाचते.

पायरी ३: सीडीआय एकटं उभं करा

स्ट्रट्सला हात लावण्याआधी सीडीआय चालू होतंय का एवढंच बघा. वेब-आयएनएफमध्ये बीन्स डॉट एक्सएमएल ठेवा आणि त्यात शोधाची पद्धत 'ॲनोटेटेड' अशी स्पष्ट लिहा. 'ऑल' लिहिलंत तर तुमचे सगळे ॲक्शन, फॉर्म आणि मदतनीस क्लास सीडीआयच्या नजरेत बीन ठरतात. मग एकाच इंटरफेसचे दोन वारस सापडले की संदिग्धतेची तक्रार येऊन डिप्लॉय अडतो. 'ॲनोटेटेड'मध्ये ज्याच्यावर तुम्ही स्कोपची खूण केली तेवढेच बीन. जुन्या घरात राहून नवं बांधताना ही मर्यादा फार उपयोगी पडते.

एक छोटा ॲप्लिकेशनस्कोप्ड क्लास लिहा, जो ॲप्लिकेशन संदर्भ सुरू झाल्याचा इव्हेंट ऐकून लॉगमध्ये एक ओळ लिहील. ती ओळ दिसली की पुढे चला. दिसेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका.

पायरी ४: सांध्याचा क्लास

स्ट्रट्समध्ये ॲक्शनचा ऑब्जेक्ट बनवण्याची जागा एकच आहे: रिक्वेस्टप्रोसेसर या क्लासमधली प्रोसेसॲक्शनक्रिएट ही मेथड. मॅपिंगमधून क्लासचं नाव घ्यायचं, आपल्या मॅपमध्ये तो ऑब्जेक्ट आधीच असेल तर तो द्यायचा, नसेल तर बनवून, त्याला सर्व्हलेट चिकटवून मॅपमध्ये ठेवायचा, इतकंच ती करते. आपण या क्लासचा वारस लिहायचा, ही मेथड ओव्हरराइड करायची आणि स्ट्रट्स कॉन्फिगच्या कंट्रोलर टॅगमध्ये प्रोसेसरक्लास म्हणून त्याचं नाव द्यायचं. मॉड्यूल अनेक असतील तर प्रत्येक मॉड्यूलच्या कॉन्फिगमध्ये.

पहिला मोह होतो तो असा: सुपरची मेथड बोलावू, तिने दिलेल्या ॲक्शनमध्ये इंजेक्शन करू आणि परत करू. तीन ओळी, काम झालं. हे करू नका. कारण नीट समजून घ्या. सुपरची मेथड ऑब्जेक्ट आधी मॅपमध्ये ठेवते आणि मग तुमच्या हाती देते. तुम्ही इंजेक्शन करेपर्यंत दुसऱ्या थ्रेडने तोच ऑब्जेक्ट मॅपमधून उचलून चालवायला घेतलेला असू शकतो, आणि त्याला फील्ड रिकामं मिळतं. शिवाय पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला सुपर तोच जुना ऑब्जेक्ट देणार आणि तुम्ही त्यात पुन्हा पुन्हा इंजेक्ट करणार. म्हणजे एक थ्रेड काम करत असताना त्याच्या पायाखालचं फील्ड दुसरा थ्रेड बदलणार. सर्व्हर नुकताच चालू झाला असताना आणि गर्दी असतानाच ही चूक दिसते, म्हणून ती शोधायला दिवस जातात.

त्याऐवजी स्वतःचा कॉन्करंटहॅशमॅप ठेवा आणि 'नसेल तर बनव' या मेथडने क्लासच्या नावावर ऑब्जेक्ट मिळवा. बनवण्याच्या आत क्रम असा: क्लास लोड करायचा, त्यावर सीडीआयच्या अनमॅनेज्ड या मदतनीस क्लासने नवा इन्स्टन्स घ्यायचा, मग प्रोड्यूस, इंजेक्ट, पोस्टकन्स्ट्रक्ट ही तीन बोलावणी याच क्रमाने करायची, सेटसर्व्हलेट करायचं, आणि सगळं झाल्यावरच ऑब्जेक्ट मॅपमध्ये जाईल असं बघायचं. सेटसर्व्हलेट विसरलात तर ॲक्शन चालतो, पण ज्या ॲक्शनला सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लागतो तो नेमका अडतो, आणि असा ॲक्शन बहुतेक वेळा कुणी रोज न वापरणाऱ्या स्क्रीनमागे असतो.

अनमॅनेज्ड हा क्लास सीडीआय १.१ पासून, म्हणजे जावा ईई ७ पासून आहे. त्याचा फायदा असा की ॲक्शन बीन नसतानाही त्यात इंजेक्शन करता येतं. ॲक्शनलाच ॲप्लिकेशनस्कोप्ड बीन करण्याचा मार्गही आहे, पण मग हाती येतो तो प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा राहणारा प्रतिनिधी. तुमच्या जुन्या बेस ॲक्शनमध्ये फायनल मेथड असेल तर त्याला प्रॉक्सीच बनवता येत नाही. मला पहिला मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

रिक्वेस्टप्रोसेसरची डिस्ट्रॉय मेथडही ओव्हरराइड करा. अनमॅनेज्डचे इन्स्टन्स जपून ठेवलेले असतील तर तिथे त्यांचं प्रीडिस्ट्रॉय आणि डिस्पोज बोलावता येतं. मग सुपरची डिस्ट्रॉय.

दोन अपवाद. टाइल्स (तुकड्यांतून पान जुळवणारी स्ट्रट्सची सोय) वापरत असाल तर वारसा टाइल्सरिक्वेस्टप्रोसेसरचा घ्या, नाहीतर टाइल्सचा प्लगइन सुरुवातीलाच तक्रार करेल. आणि आवृत्ती १.३ असेल तर तिथे मूळचा प्रोसेसर कंपोजेबलरिक्वेस्टप्रोसेसर आहे, जो कॉमन्स चेनवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या साखळीवर, चालतो. त्याचा वारस लिहून प्रोसेसॲक्शनक्रिएट ओव्हरराइड केलीत तर ती कधी बोलावलीच जात नाही. लॉग शांत, फील्ड नल. अशा वेळी चेनच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्रिएटॲक्शन या कमांडच्या जागी आपली कमांड ठेवायची. आधी आपल्या लिबमध्ये कोणती आवृत्ती आहे ते जार उघडून बघा; कागदपत्रांवर विश्वास ठेवू नका.

सांध्याचा क्लास वॉरच्या आतच ठेवा. सर्व्हरच्या सामायिक लिबमध्ये टाकलात तर सीडीआयला आपण कोणत्या ॲप्लिकेशनमधून बोलतोय ते चुकीचं कळू शकतं.

पायरी ५: स्कोप, म्हणजे आयुष्याचा हिशोब

स्ट्रट्स १ मध्ये प्रत्येक ॲक्शन क्लासचा एकच ऑब्जेक्ट असतो आणि सगळे थ्रेड तोच वापरतात. सर्व्हर बंद होईपर्यंत तो जगतो. आता त्याच्या फील्डमध्ये तुम्ही एक सेवा इंजेक्ट केलीत. ती सेवा रिक्वेस्टस्कोप्ड असेल तर फील्डमध्ये खरा ऑब्जेक्ट येत नाही, प्रॉक्सी येतो. मेथड बोलावली की प्रॉक्सी चालू रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट शोधून काम त्याच्याकडे देतो. ॲक्शन दीर्घायुषी, सेवा अल्पायुषी, तरी दोघांचं जुळतं.

पण क्लासवर डिपेंडंट लिहिलेलं असेल, तर प्रॉक्सी नसतो. खरा ऑब्जेक्ट थेट फील्डमध्ये बसतो आणि ॲक्शनइतकाच जगतो. म्हणजे सगळ्या वापरकर्त्यांमध्ये मिळून एकच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका प्रकल्पात दरपत्रक तयार करणारा मदतनीस क्लास होता. त्याच्या फील्डमध्ये ओळींची यादी, आणि मेथडच्या पहिल्याच ओळीत ती रिकामी केलेली. पूर्वी प्रत्येक ॲक्शन एक्झिक्यूटच्या आत न्यू करून तो बनवायचा, म्हणून कधी काही झालं नाही. आम्ही न्यू काढून इंजेक्ट केलं आणि क्लासवर डिपेंडंट लिहिलं. चाचणीत सगळं बरोबर आलं, कारण चाचणी करणारा माणूस एक. प्रॉडक्शनवर दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबलं; दुसऱ्याच्या रिक्वेस्टने यादी रिकामी केली आणि पहिल्याच्या दरपत्रकात दुसऱ्याच्या ग्राहकाच्या ओळी गेल्या. कुठेही एक्सेप्शन नाही. एका ग्राहकाने फोन करून विचारलं तेव्हा कळलं. दुरुस्ती एका शब्दाची होती: डिपेंडंटच्या जागी रिक्वेस्टस्कोप्ड. ती रात्र मात्र सगळी कागदपत्रं तपासण्यात गेली.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ज्या क्लासमध्ये बदलणारं फील्ड आहे, तो ॲक्शनमध्ये डिपेंडंट म्हणून जाणार नाही. न्यूच्या जागी इंजेक्ट करताना प्रत्येक वेळी क्लास उघडून त्याची फील्ड वाचायची. आणि चाचणी दोन ब्राउझरमधून, दोन वेगळ्या लॉगिननी, मेथडच्या मधोमध ब्रेकपॉइंट लावून करायची.

प्रॉक्सीसाठी क्लास फायनल नसावा आणि त्याला प्रायव्हेट नसलेला, आर्ग्युमेंट न घेणारा कन्स्ट्रक्टर असावा. सेशनस्कोप्ड बीन सीरियलायझेबल नसेल तर डिप्लॉयच होत नाही. ही तक्रार चांगली, निदान लगेच समजते. आणि जुन्या कोडमध्ये कुणी हाताने थ्रेड किंवा टायमर चालू केला असेल, तर त्यात रिक्वेस्ट स्कोप नसतो. तिथे रिक्वेस्टस्कोप्ड बीनला हात लावला की संदर्भ चालू नसल्याचं एक्सेप्शन येतं.

पायरी ६: उलट दिशेची वाट

आतापर्यंत स्ट्रट्सकडून सीडीआयकडे गेलो. नव्या सेवांनाही जुन्या बाजूच्या काही गोष्टी लागतात, मुख्यतः लॉगिन केलेला वापरकर्ता. जुना कोड तो सेशनमध्ये एखाद्या ठरलेल्या नावाने ठेवतो. प्रत्येक सेवेत सेशन उघडून ते नाव वाचायला लागू नका. एक प्रोड्यूसर मेथड लिहा, जी एचटीटीपी रिक्वेस्ट इंजेक्ट करून घेईल, सेशनमधून वापरकर्ता काढेल आणि रिक्वेस्टस्कोप्ड म्हणून देईल. जुन्या नावाची माहिती त्या एकाच जागी राहते.

अट एवढीच की अशा प्रोड्यूसरने नल परत करायचा नाही, सीडीआय ते मान्य करत नाही. लॉगिन झालेलं नसेल तर 'अनोळखी वापरकर्ता' असा एक खरा ऑब्जेक्ट द्या.

पायरी ७: ट्रान्झॅक्शन

ट्रान्झॅक्शनल हे ॲनोटेशन जावा ईई ७ पासून सीडीआय बीनवर चालतं. ते सेवेवर लावा, ॲक्शनवर नको. ॲक्शन बीन नाही हे विसरू नका. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: ते मूळ वागणुकीत फक्त रनटाइम एक्सेप्शनवर रोलबॅक करतं. जुन्या कोडमध्ये स्वतःची चेक्ड एक्सेप्शन भरपूर असतात. अशी चूक उडाली तरी तोवर लिहिलेलं कमिट होतं, अर्धा व्यवहार टेबलात राहतो. म्हणून रोलबॅकऑनमध्ये तुमचं मूळ एक्सेप्शन लिहा. दुसरा: जुन्या डीएओमध्ये (डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासमध्ये) हाताने केलेलं कनेक्शनवरचं कमिट. सर्व्हरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ते चालत नाही, एक्सेप्शन येतं. तो डीएओ नव्या सेवेत ओढण्याआधी त्यातलं कमिट काढा, आणि त्याला अजून थेट बोलावणारे जुने ॲक्शन कोणते आहेत ते शोधा, कारण आता त्यांचं कमिट कुणीच करणार नाही.

पायरी ८: सुरक्षेची जुनी भगदाडं

आधार संपलेल्या फ्रेमवर्कवर आयुष्य वाढवत आहोत, तर ही जबाबदारी आपली. सीव्हीई-२०१४-०११४ ही त्रुटी निदान बंद करा: रिक्वेस्टच्या पॅरामीटरमध्ये 'क्लास' हे नाव घालून ॲक्शनफॉर्ममार्गे (पॅरामीटर ज्यात भरले जातात तो स्ट्रट्सचा ऑब्जेक्ट) बाहेरचा माणूस क्लासलोडरपर्यंत पोहोचू शकतो. पॅरामीटरच्या नावात असा भाग आढळला की रिक्वेस्ट नाकारणारा फिल्टर सगळ्यात पुढे लावा, आणि कॉमन्स बीनयुटिल्स (फॉर्ममध्ये पॅरामीटर भरणारी लायब्ररी) १.९.४ वर न्या, तिथे हा दरवाजा मुळातच बंद ठेवला आहे. बीनयुटिल्स बदलल्यावर सगळे फॉर्म एकदा भरून बघा.

पायरी ९: जकार्ता नावबदल

सांधा काही महिने शांतपणे चालल्यावरच इकडे या. टॉमकॅटच्या टीमने यासाठी रूपांतराचं साधन दिलेलं आहे, एक्लिप्स ट्रान्सफॉर्मरही आहे. दोन्ही तयार जारमधली पॅकेजची नावं बदलून देतात, त्यामुळे सोर्स हाती नसलेलं स्ट्रट्सचं जारही हलवता येतं. आपला स्वतःचा कोड मात्र सोर्समध्येच बदला. तिथे जावाएक्सच्या जागी जकार्ता असा आंधळा शोध-बदल करू नका: जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट नेमिंग, जावाएक्स डॉट क्रिप्टो ही जेडीकेची पॅकेजेस आहेत आणि त्यांची नावं बदललेली नाहीत.

आणि कोटेशनमधल्या स्ट्रिंग विसरू नका. एरर पानावर मूळ चूक दाखवण्यासाठी जुना कोड रिक्वेस्टमधून जावाएक्स डॉट सर्व्हलेट डॉट एरर अशा नावाने सुरू होणारी ॲट्रिब्यूट वाचतो. नव्या सर्व्हरवर ती नावंही बदललेली आहेत. कंपायलरला स्ट्रिंगमधलं दिसत नाही, म्हणून बिल्ड हिरवा येतो आणि एरर पान रिकामं. जेएसपी आणि प्रॉपर्टी फाइली धरून ही नावं आधी शोधा, मग एक ॲक्शन मुद्दाम फोडून ते पान स्वतः उघडून बघा.